बिनरफूचा फोटो

माझ्या चेहऱ्याला कुणीतरी रफू केलं होतं, तेही मला न विचारता.

आधी सांगते, मी स्वतः रफूवाली आहे. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी माझं टेबल. सिगरेटने भोक पडलेला कोट, कसर लागलेला स्वेटर, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, सगळं माझ्याकडे येतं. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, आधी उभे भरायचे, मग आडवे एकाखालून एकावरून न्यायचे. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून म्हणतं, "कुठं होतं हो ते भोक? कळतसुद्धा नाही!" हीच आमची शाबासकी.

दुसरी गोष्ट, मला कोड आहे. लेक झाली त्यानंतर सुरू झालं. ओठांच्या कडेला, डाव्या डोळ्याभोवती, आणि हनुवटीपासून गळ्यापर्यंत पांढरं. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. तरी कोड म्हटलं की लोकांना कोडं पडतं, हिच्या हातचा चहा घ्यावा की नको. नका घेऊ. मला एक कप जास्त मिळतो.

तर लेकीचं लग्न ठरत होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, जमवलं दोघांनीच. त्याचे आईवडील दुसऱ्या गावी असतात, ते रविवारी आम्हाला भेटायला यायचे होते. त्याआधी ओळख म्हणून लेकीने आमचा तिघांचा फोटो त्यांना पाठवला. मुलाच्या आईचं उत्तर आलं, 'तुझी आई किती छान दिसते!' लेकीने ते वाचून दाखवलं, पण माझ्याकडे न बघता. म्हणून मी फोन तिच्या हातातून घेतला.

फोटोत आमचे हे होते, लेक होती, आणि मध्ये माझा राखाडी स्वेटर घालून कुणी एक गव्हाळ बाई बसली होती. कपाळापासून गळ्यापर्यंत एकच रंग.

"उजेडच तसा होता," लेक म्हणाली. "आणि फोन आपोआप करतो गं काहीतरी."

मी बोटांनी फोटो मोठा केला. रफू पकडायचा तर भोकाच्या मध्ये बघायचं नसतं, कडेला बघायचं. नवे धागे जुन्यांना भेटतात तिथे कच्चा हात उघडा पडतो. हनुवटीखाली माझ्या स्वेटरची कॉलर होती. ती मीच भरलेली, टाका न् टाका मला पाठ. फोटोत तिथली वीणच नव्हती. हनुवटी सारखी करता करता कुणाचं तरी बोट कॉलरवर घसरलं होतं. उजेड काही लोकरीची वीण खात नाही. हे हाताने केलेलं काम होतं, आणि घाईत केलेलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणी केलं ते विचारलं नाही, कारण लेकीचे कान लाल झाले होते. एवढंच म्हणाले, "मला माझा कॅमेरा हवा."

"अगं, घरात तीन फोन आहेत," हे म्हणाले.

"तिन्ही शहाणे आहेत. मला असा हवाय, जो समोर असेल ते काढेल आणि गप्प बसेल."

"समोर असेल ते बघून गप्प बसणारा या घरात मी आहेच की."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी नाही हसले.

दुकानातला विक्रेता टाय लावून उभा होता आणि सगळं आमच्या ह्यांना सांगत होता. "रोजच्या फोटोंसाठी ना? हा बघा सर, खिशात मावतो, खिशाला परवडतो."

"सरांना नकोय," मी म्हणाले. "मला हवाय. माझ्याशी बोला."

त्याने सोनेरी रंगाचा एक पुढे केला. हा म्हणे चेहरा ओळखतो आणि त्वचा आपोआप उजळ करतो. मी तो स्वतःकडे वळवून फोटो काढला आणि मोठा करून बघितला. पांढरं कुठे संपतं ते कळेना. "धुऊन काढलाय," मी म्हणाले. ते बंद करता येतं, असं म्हणून तो मेनूत शिरला आणि बराच वेळ बाहेरच येईना. म्हटलं, राहू दे बाबा. बंद करता येतं ते पुन्हा चालूही करता येतं, आणि आमच्या घरात हात फार चलाख आहेत.

दुसरा कॅमेरा माणूस हसला की आपला आपण फोटो काढायचा. मी त्याच्यासमोर उभी राहिले. मी हसले नाही, त्याने काढला नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. विक्रेता म्हणाला, "जरा हसा ना मॅडम." मी म्हणाले, "त्याला सांगा, आधी तू काढ." हे कोपऱ्यात जाऊन खोकण्याचं सोंग करू लागले.

काचेच्या कपाटात खालच्या फळीवर एक लहानसा काळा कॅमेरा होता. जुनं मॉडेल, एका कोपऱ्यावर ओरखडा. "यात काहीच नाही मॅडम," विक्रेता ओशाळून म्हणाला. "थोडं झूम, टायमर, मनगटात अडकवायला दोरी. बस."

मी आधी माझ्या बाहीचा फोटो काढला, भरलेल्या जागेचा. मोठा केला तर धागे मोजून घ्यावेत इतके सुटे दिसले. मग चेहऱ्याचा काढला. आरशात असते ती मीच त्यात होते, डोळ्याभोवतीच्या नकाशासकट.

"फ्लॅश बंद ठेवलात तर जरा बरं दिसेल," विक्रेता हळूच म्हणाला.

"बरं नको. दिसू दे, तेवढं पुरे. हाच द्या."

कामाच्या एप्रनच्या खिशात तो बरोबर बसला. मग मी सुटलेच. इस्त्रीची वाफ, बटाट्याची सालं, ह्यांचे एकमेकांशी न जुळणारे मोजे, उतू गेलेलं दूध, दुकानात आलेली भोकं, सगळ्यांचे फोटो. लेक फुरंगटून होती. माझ्याशी कामापुरतं बोलत होती आणि मीही तिला तेवढंच परत देत होते.

एका संध्याकाळी ती भांडी घासत होती. ओल्या हातांनी सारखे मागे सारावे लागू नयेत म्हणून केस वर बांधलेले. उगाच, दिसली छान म्हणून, मी मागून फोटो काढला. सवयीने मोठा करून बघितला तर तिच्या उजव्या कानामागे पांढरा ठिपका, मसुरीच्या डाळीएवढा. स्क्रीनवर काही सांडलं असेल म्हणून मी एप्रनच्या टोकाने पुसला. गेला नाही. पुन्हा पुसला.

"कधीपासून?" मी विचारलं.

तिने वळून बघितलं आणि नळ बंद केला. ओला हात आपोआप कानामागे गेला. "थंडीपासून."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला आहे. त्याच्या आईला नाही." मग ती भांडायला उठल्यासारखी म्हणाली, "तुला बघितलं असतं तर त्यांनी मला तपासलं असतं, आई. मान वर कर, हात दाखव. तू रविवारी दिसणारच होतीस, पण तोवर तरी मला ते नको होतं!"

इतके दिवस मी धरून चालले होते की पोरीला माझी लाज वाटते. लाज वाटणाऱ्यावर मला रागावता येतं. ही तर घाबरली होती. आणि खरं सांगते, त्या माणसांना मी अजून बघितलंही नव्हतं तरी त्यांचा मला भयंकर राग आला.

"तपासूनच माणूस घ्यायचं असेल तर त्यांनी दुकानात जावं," मी म्हणाले.

"तुला सोपं आहे."

"सोपं? रोज दार उघडून बाहेर पडताना नव्याने करावं लागतं ते." मी आवाज खाली आणला. "तुझं तुला झाकायचं असेल तर झाक. मी कुणाला सांगणार नाही. पण मला पुसायचं नाही. माझा चेहरा माझा आहे."

मी कॅमेरा ओट्यावर ठेवला आणि फोटो पुसायचं बटण दाखवलं. "तुझा फोटो आहे. तूच ठरव." तिने हात कोरडे केले, कॅमेरा उचलला, बराच वेळ बघितला आणि बटण न दाबता फळीवर ठेवून दिला.

रविवारी बेल वाजली तेव्हा मी मुद्दाम तोच राखाडी स्वेटर घातला होता. दार मीच उघडलं. मुलाच्या आईने माझ्याकडे बघितलं, नजर काढून घेतली, पुन्हा बघितलं. "फोटोत तुम्ही..."

"फोटोत रफू केलेलं होतं," मी म्हणाले. "या, आत या."

मुलाचे वडील ह्यांच्याशी बसप्रवासाबद्दल बोलत राहिले. त्याच्या आईपुढे मी केलेला चहा होता. तिने कप उचलला, ठेवला, बशी थोडी फिरवली. चहावर साय आली. मला ते नवीन नाही, पण लेक त्या कपाकडे बघत होती. आईवडिलांबरोबर आलेला मुलगाही बघत होता. मग लेक उठली.

"एक फोटो काढू या सगळ्यांचा," ती म्हणाली.

मुलाच्या आईने चटकन पर्स उघडून फोन काढला. "माझ्या फोनवर छान येतात."

"नको, आईच्या कॅमेऱ्यावर," लेक म्हणाली. तिने तो कपाटावर पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला, टायमर लावायच्या आधी मनगटातला रबर काढला आणि केस गोळा करू लागली.

"अगं, मोकळेच राहू दे ना केस," त्याची आई म्हणाली. "मोकळे छान दिसतात तुला."

लेकीने केस पार वर ओढून घट्ट बांधले. बटण दाबून ती धावत माझ्याशेजारी येऊन बसली आणि मान वळवून उजवा कान कॅमेऱ्यापुढे धरला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मागे कुणाचा तरी श्वास अडकला.

"दिसतंय हं," मी ओठ न हलवता पुटपुटले.

"दिसू दे," ती म्हणाली.