राखेवाचून कढलेला सोरा

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. माझे बूड झिजले आहे, एक कान तुटला आहे आणि अंगावरचा हिरवा थर पाहून लोक मला दुरूनच वळसा घालतात. त्याचे मला फारसे वाटत नाही. माझ्याकडे संशयाने पाहणारे मी याआधीही पाहिले आहेत.

मित्रांनो, तूर शहरातल्या एका तांबटाने मला घडवले आणि लुआर नदीकाठच्या मातुरीन नावाच्या परटिणीने मला विकत घेतले. अकरा वर्षे मी तिच्या चादरी उकळल्या. ती चुलीतली राख पाण्यात मुरवी, वरची निवळी बोटांत चोळून पाही आणि मगच कपडे टाकी. चादर धुवावी ती मातुरीननेच, असे गाव म्हणे.

मग क्रांती झाली. राजा गेला आणि चहूकडच्या राजांच्या फौजा सरहद्दीवर आल्या. तोफांना दारू कमी पडू लागली. दारूला सोरा लागतो आणि सोरा जुन्या तळघरांच्या मातीत असतो. घरोघरची तळघरे खरवडण्याचा हुकूम सुटला. ती माती भिजवून तिचे पाणी आटवण्यासाठी मला चर्चमध्ये थाटलेल्या सोऱ्याच्या कारखान्यात नेले. मागोमाग मातुरीनही आली. "माझा हंडा परक्या हातांनी करपलेला मला चालायचा नाही," ती म्हणाली.

तिथे देखरेख गावच्या क्रांती समितीतल्या लेओनारची होती. पूर्वी तो सरदारांसाठी केसांचे टोप बनवी. आता टोप घालणारे उरले नव्हते, म्हणून तो देशद्रोह्यांच्या याद्या बनवी.

पहिल्याच दिवशी मातुरीनने पाणी बोटांत चोळले. "नागरिक लेओनार, हे पाणी जड आहे. राखेवरून गाळून घेऊ, नाहीतर सोरा ओल धरेल."

"सरकारी लाकडाची राख तुला हवीय कशाला? घरचं धुणं उरकायला?" लेओनार हसला. "सरदारांच्या चादरी बडवणारी आता क्रांतीला शहाणपण शिकवणार!"

राख रोज मोजून नदीत टाकायची, असे त्याने ठरवले. टाकणाऱ्यावर एक पहारेकरी नेमला आणि पहारेकऱ्यावर आणखी एक.

दारूखान्यात पोचेपर्यंत सोऱ्याचा चिखल झाला. पिंपे परत आली, सोबत चिठ्ठी: कोणीतरी पाणी ओतले आहे. त्या दिवसापासून चर्चमध्ये कोणी कोणाकडे पाठ करेना. माझ्यातही दोनदा काठी घालून पाहिले.

"हंड्यापाशी सगळा वेळ कोण असतं?" लेओनारने विचारले.

सगळ्यांनी मातुरीनकडे पाहिले. सोरा मुद्दाम बिघडवल्याच्या आरोपाला तेव्हा एकच शिक्षा होती, गिलोटीन. न्यायालयाची गाडी तीन दिवसांनी यायची होती.

"तीन दिवस आहेत ना? मग मला दोन वाडगे दे," मातुरीन म्हणाली. "एकात राखेवरून गाळलेल्या पाण्याचा सोरा, दुसऱ्यात तुझ्या पद्धतीचा. शेजारी शेजारी ठेव आणि खोलीला तुझंच सील लाव. माझ्यावर नसेल, तुझ्या सीलवर तरी तुझा विश्वास आहे ना?"

दोन्ही पाणी मीच आटवले. तिसऱ्या दिवशी सील फोडले, तेव्हा एका वाडग्यात सुयांसारखे कोरडे स्फटिक होते आणि दुसऱ्यात चिखल.

मातुरीन सुटली. पण गाडी दाराशी उभीच होती. समितीतला लोहार हळूच म्हणाला, "मग राख नदीत कोणी टाकायला लावली?"

लेओनारभोवतीची माणसे एकेक पाऊल मागे सरली.

"मातुरीन, तू बोल. मुद्दाम केलं ना त्यानं?" लोहाराने विचारले.

तिने माझ्या काठावर हात ठेवला. तिच्या एका शब्दाचा अवकाश होता.

"गद्दार असता तर राखेचं काम त्यानं आधी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "हा नुसता मूर्ख आहे. मूर्खांना न्यायचं तर एक गाडी पुरायची नाही."

गाडी रिकामी परत गेली.

मित्रांनो, संशय घेऊ नका असे मी म्हणणार नाही. मातुरीनही रोज माझ्यातल्या पाण्यावर संशय घेई, पण ती पाण्यात हात घालून पाही. तुम्हाला कोणाचा संशय आला, तर गाडी बोलावण्याआधी दोन वाडगे मागवा.