पाव्हण्यांचं पाणी

कनिकाचा डोळा तुम्ही घालवला, साहेब. बाटली माझ्या बहिणीच्या हातात होती, हे खरं आहे. ती ते नाकारत नाही, मी पण नाकारत नाही. पण डोळा घालवला तुम्ही, आणि तेव्हा तुमचा हात आमरसात होता.

मी मिथुन, रूपालीचा थोरला भाऊ. भोकरदनला माझा फोटो स्टुडिओ आहे. बारावीच्या पुढं मी गेलो नाही, तुमच्या रसायनशास्त्रातलं मला काही कळत नाही. पण त्या दिवशी काय झालं ते मी रूपालीकडून ऐकलं, कनिकाकडून ऐकलं, तुमच्याच विभागातल्या माणसांकडूनही ऐकलं. सगळ्यांचं बराबर जुळतं. तुमचं तेवढं जुळत नाही.

रूपाली तुमच्या हाताखाली पीएच.डी.ला लागली तेव्हा आमच्या बापानं, साहेबरावांनी, हसनाबादच्या शाळेत पेढे वाटले. त्याच शाळेत शिकवून ते रिटायर झाले. आमच्या घरात एवढं शिकणारी ती पहिलीच. आल्या आल्या तुम्ही बी.एस्सी.च्या पोरांची प्रॅक्टिकलं तिच्या गळ्यात टाकली. तिनं विचारलं, सर, कसं शिकवायचं ते कोणी दाखवील का? तुम्ही हसलात. तू शिकलीस ना, मंग तसंच शिकव, म्हणालात. झालं तिचं प्रशिक्षण.

तेव्हापासून तुमचे तास ती घ्यायची, तुमचे पेपर ती तपासायची, आणि स्वतःचे प्रयोग उरल्या वेळात, लाईट असली तर. मागच्या बाकावरची पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करायची. ती सांगायला आली तर तुम्ही म्हणालात, एवढ्यानं रडकुंडीला आलीस तर प्राध्यापक काय होशील. तिच्या वर्गात येऊन मागं बसावं, ही बाई काय शिकवते, कुठं अडते ते बघावं, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही. आपण चांगलं शिकवतो का वाईट, हे तिला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही.

तिच्या आधी बद्रीनाथ नावाचा पोरगा लॅब सांभाळायचा. तो पण तुमचाच संशोधक विद्यार्थी. त्याला एक गोष्ट माहीत होती. उन्हाळ्यात अमोनियाची नवी बाटली उघडायची तर आधी ती गार करायची. तापलेल्या बाटलीत वायू कोंडलेला असतो, झाकण ढिलं केलं की सगळं उसळून वर येतं. बद्रीनाथ बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा, आपण माठाला गुंडाळतो तसं. त्याची पीएच.डी. झाली, तो निघून गेला. जाताना त्याला कोणी म्हणालं नाही की बाबा, नव्या पोरीजवळ दोन दिवस थांब, तिला चार गोष्टी सांग. तुमच्याकडं ती पद्धतच नाही. तुमच्याकडं पद्धत आहे पाहुणचाराची.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरगावचा परीक्षक येतो, एक्सटर्नल म्हणतात त्याला. तो येणार म्हणलं की अर्धा विभाग त्याच्या जेवणामागं. संशोधनाची पोरं त्याला स्टँडवरून आणणार, आंबे पिळणार, पुऱ्या वाढणार. एक्सटर्नल तृप्त झाला की पोरांना मार्क चांगले पडतात, हा तुमच्या विभागाचा सगळ्यात पक्का सिद्धांत.

मे महिना होता. नळाला पाणी नव्हतं. जालन्यात राहून नळाची वाट बघणं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. लॅबमध्ये एक ड्रम भरून ठेवलेला होता. सकाळी आमरसाची पातेली आणि ताटं त्याच पाण्यानं धुतली. रूपाली बोलली होती की सर, परीक्षेला पाणी लागेल. टँकर येऊन राह्यला, म्हणालात. टँकर आला नाही. दुपारी तुम्ही, एक्सटर्नल आणि सगळे प्राध्यापक स्टाफरूममध्ये जेवायला बसलात, आणि अख्खी बॅच तिच्या एकटीवर सोडून दिली.

अमोनिया संपला. ती वरच्या पत्र्याच्या खोलीतून नवी बाटली घेऊन आली. झाकण घट्ट होतं, तिच्यानं निघेना. पुढच्याच टेबलावर कनिका होती. मस्तगडच्या मूलचंदशेठची पोरगी, हुशार, कामाला पुढं. मॅडम, मी धरते, म्हणून ती बाटलीवर वाकली. रूपालीनं झाकण फिरवलं.

रूपालीच्या डोळ्यांवर चष्मा होता. कनिकाच्या नव्हता.

नळ कोरडा. ड्रम रिकामा. टेबलावरच्या नळ्या धुवायच्या पिचकाऱ्यांमध्ये घोट-घोट पाणी होतं, ते तिनं पोरीच्या डोळ्यावर मारलं. मग तिला कवेत धरून ती स्टाफरूमकडं पळाली, कारण त्या इमारतीत पाणी फक्त तिथं उरलं होतं, एक्सटर्नलसाठी मागवलेला गार पाण्याचा जार. तिनं तो उचलला आणि पोरीच्या तोंडावर ओतायला लागली. तेव्हा तुम्ही बोललात.

"अगं रूपाली, पाव्हण्यांचं पाणी आहे ते."

तुम्ही तोपर्यंत पोरीचं तोंड बघितलं नव्हतं, असं रूपाली सांगते. अजून तुमची बाजू घेते ती. बघितल्यावर तुम्ही पण उठलात, गाडी तुम्हीच काढली, तेही मी लपवत नाही. पण जार अर्धाच होता.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी मूलचंदशेठला सांगितलं, उजव्या डोळ्याला उजेड कळेल, समोरचं माणूस कळणार नाही.

मग तुम्ही रूपालीला केबिनमध्ये बोलावलं. तिनं लिहून द्यायचं होतं की सरांनी बजावलं होतं, तरी मी गरम बाटली उघडली. तुम्ही धमकी दिली नाही. तुम्हाला द्यावी लागत नाही. चहा मागवलात आणि सांगितलंत, "तुझं सगळं अजून माझ्याकडंच आहे, रूपाली." तुमच्या सहीशिवाय तिचा प्रबंध कुठं जाणार?

घरी आई, गिरिजाबाई, तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, दे लिहून, माय. त्या लेकराचा डोळा तर वापस येत न्हाई, तुझं तरी वाचव. बापानं भाकरीला हात लावला नाही. रूपाली मला म्हणाली, "आधी मस्तगडला जाऊ, दादा. मंग ठरवू."

शेठचं घर दुकानाच्या वर. कनिकाच्या आईनं, राजकुमारीबाईंनी, पाण्याचे ग्लास समोर ठेवले. दाराशी कोणीही आलं तरी पाणी देतात ती माणसं. रूपालीला ते पाणी पिता येईना. मूलचंदशेठना तुमचा फोन आधीच पोचला होता. त्यांनी तिला बसू दिलं आणि विचारलं, "तुला बाटलीचं सांगितलं होतं का न्हाई? तेवढंच बोल. रडू नको."

"न्हाई सांगितलं. पण बाटली हाताला गरम लागली होती, शेठजी. मी थांबायला पाहिजे होतं."

शेठ म्हणाले, मी तक्रार करणार, तुझ्या सरांची करणार अन् तुझी पण करणार. रूपाली म्हणाली, करा. माफी-बिफी काही झाली नाही. का व्हावी?

आम्ही निघालो तेव्हा कनिका आतल्या दारात आली. डोळ्यावर पट्टी. "मॅडम, मला ओळखायला दिलेल्या सॉल्टमध्ये कॉपरच होतं ना? अमोनिया टाकल्यावर निळं झालं असतं ना?"

रूपाली हो म्हणाली.

तुम्हाला पाहिजे होतं ते तिनं लिहिलं नाही. जे झालं ते लिहिलं, स्वतःच्या चुकीसकट. कमिटी बसली. कमिटीत कोण होतं? तुमच्याच पंगतीतले. तुम्हाला तोंडी समज. रूपालीची नोंदणी रद्द, कारण तिनं स्वतःच चूक कबूल केली. खरं बोलली तिचंच खरं तिच्या गळ्यात बांधलं. आता ती माझ्या स्टुडिओत बसून पासपोर्टचे फोटो कापते. गिऱ्हाईक विचारतं, ताई, किती शिकल्या? ती कात्री चालवत राहते.

आता परत उन्हाळा आला. ऊन तापायला लागलं तसा रूपालीनं तुमच्या नव्या विद्यार्थिनीला फोन लावला. ज्योत्स्ना तिचं नाव. ओळख ना पाळख, नंबर कुठून तरी मिळवला. बाटली गार कर, ड्रमाला कोणाला हात लावू देऊ नको, एकटी थांबू नको, सगळं दोनदोनदा सांगितलं. स्पीकर चालू होता, मी शेजारीच होतो. ती पोरगी मग म्हणाली, "ताई, मला तर कोणीच काही बोललं न्हाई. सर म्हणले, शिकलीस ना, मंग तसंच शिकव."

रूपालीनं फोन ठेवला आणि परत कात्री घेतली. फोटो तिरका कापला गेला.

साहेब, परीक्षा जवळ आली. पाहुणा ठरला असेल, आंबे पण ठरले असतील. मला बाकी काही नको. ज्योत्स्नाला त्या लॅबमध्ये पाठवायच्या आधी तुम्ही तिला काय शिकवलं? तोंडी सांगू नका, तोंडी तुमचं पुष्कळ झालं. लेखी उत्तर द्या, आणि त्याच्याखाली या वेळी सही तुमची करा.