तीन तारे दिसेपर्यंत

“आजी, तुमी समोर या न! म्हाताऱ्या माणसाले लाइन नसते,” मतदान केंद्रावरचा पोलीस म्हणाला.

“म्हातारी कोण?” मी विचारले. त्याने टोपी सारखी केली. “मी शेवटीच उभी राहणार.”

पुलगावात यहुदी म्हणून आता मी एकटीच. नगरपालिकेचे मतदान शनिवारी ठेवणाऱ्यांना आमचा विसाव्याचा वार, शब्बाथ, आठवला नाही, याबद्दल मी त्यांना क्षमा केली आहे. पण शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत मी सही करीत नाही, वाहनात बसत नाही, विजेचे बटण दाबत नाही. आणि मतदानही चुकवीत नाही. ज्या गावाचे पाणी प्यावे त्याच्या कुशलाची काळजी वाहावी, हा आमच्या घरी धर्मच मानला जातो. माझे यजमान शालोम किहीमकर रेल्वेत गार्ड होते. रात्रपाळी करून आले तरी आधी मत, मग चहा. ते गेल्यानंतरची ही पहिलीच निवडणूक.

म्हणून मी अगदी शेवटी, चालत आले. फाटक बंद होताना जे आत असतील त्यांना चिठ्ठी मिळते आणि मग कितीही अंधार पडो, त्यांचे मत घ्यावेच लागते, हा नियम मला पाठ होता. ओळखपत्र सोबत आलेल्या शेजारच्या तानाबाईच्या कमरेला खोचलेले होते, आत मिळालेली माझी चिठ्ठीही तिच्याच हातात. शब्बाथला मी ओझे वाहत नाही.

रांग मात्र भलतीच झपाट्याने सरकली. तानाबाईचेही मत देऊन झाले. मी एकटी उरले. आकाशात तारा एकच.

केंद्राध्यक्ष दारात आले. “काऊन थांबल्या, मॅडम? आमाले घरी जायचं हाय.”

“अजून दोन तारे यायचे आहेत.”

“गेट बंद झालं. आता कोनी आत येनार नाई.”

“साहेब,” तानाबाई मध्ये पडली, “काकूचा उपास हाय समजा. तारे पाहून सोडते.”

दुपारी मी पोटभर जेवले होते. परंतु मी नजर आकाशाकडेच ठेवली.

“थो पाहा दुसरा!” पोलीस ओरडला.

“विमान हाय थे,” तानाबाई म्हणाली. “नागपूरले चाललं.”

दुसरा तारा पाण्याच्या टाकीवर उगवला. तिसऱ्याचा पत्ता नव्हता. केंद्राध्यक्षांनी घड्याळ पाहिले, माझ्याकडे पाहिले. “पाच मिनिटं. मंग मी मतदान संपलं म्हणून लिहीन.”

“लिहा. माझी चिठ्ठीही त्याला जोडा.”

ते पोलिसावर खेकसले, “अरे, व्हरांड्यातला लाइट बंद कर! या उजेडात काय दिसन?”

दिवा विझला आणि शाळेच्या कौलांवर तिसरा तारा दिसला. तो आधी त्यांनाच दिसला. “हा घ्या. आता तरी चला, माय.”

मी सही केली, बोटाला शाई लावून घेतली, बटण दाबले. यंत्र लांबलचक वाजले. गाडी सोडताना आमच्या यजमानांची शिट्टी अशीच वाजे.

घरी येऊन शब्बाथला निरोप द्यायची मेणबत्ती पेटवली. तिच्या उजेडात नखे न्याहाळायची आमची रीत आहे. ते होते तोवर त्या ज्योतीपाशी आम्हा दोघांचे हात असत.

तानाबाई उंबऱ्यात उभी होती. “मी बी धरू काय, काकू?”

“विचारतेस काय? ये.”

तिने आपले बोट माझ्या बोटाशेजारी धरले. दोन्ही नखांवरची शाई त्या उजेडात सारखीच काळी दिसत होती.