एक नंबरचा डबा

"काका, एक नंबर संग्रहालयात जाणार, बाकीचे भंगारात. इथे सही करा," इंजिनिअर बाईंनी कागद पुढे केला.

काकांनी पेन घेतलं आणि नुसतंच धरून ठेवलं. भुयारी रेल्वेच्या कारशेडमधला हा सर्वांत जुना फिटर. अडतीस वर्षं झाली. आता नवे डबे आले होते. त्यांना पाना नाही, पासवर्ड लागतो, असं काका म्हणत. जुन्यांतला एक नंबर धुऊनपुसून नवरदेवासारखा उभा होता. पण तो मुळात नऊ नंबर होता, आणि हे ठाऊक असलेले जगात आता काका एकटेच उरले होते.

तीस वर्षांपूर्वी वर्धापनदिनाला बडे पाहुणे यायचे होते आणि नेमका पहिला डबा मोटर काढून पडलेला. काकांना काम शिकवणारे मिस्त्री म्हणाले, "पाहुण्यांना नंबर बघायचाय, डबा नाही. बदल पाट्या." काकांनी बदलल्या. उद्या परत लावू असं ठरलं. तो उद्या काही उजाडला नाही. पुढे मिस्त्रीही गेले.

खरा पहिला डबा मागच्या रुळावर नऊची पाटी घेऊन गंजत होता. त्याचे दांडे काकांनी मिस्त्रींच्या शिव्या खात बसवले होते. पहिल्याच दिवशी आईला त्यातून नेलं होतं. "जिवंतपणी कुणी जमिनीखाली जातं का रे?" म्हणत तिने दांडा घट्ट धरला, डोळे मिटले, आणि उतरल्यावर विचारलं, "परत एकदा जाऊ या?" काकांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी बाईंना सगळं सांगून टाकलं.

बाईंनी कागदावरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं. "काका, कागद मंजूर झालेत. त्यात मला काही बदलता येणार नाही."

"कागद राहू द्या तसेच. पाटीला चारच स्क्रू आहेत."

"भंगारवाल्यांचा ट्रक नऊ नंबर न्यायला दोनला येतोय." बाईंनी घड्याळ पाहिलं. "मी जेवून येते. मला तासभर तरी लागेल."

काकांनी सही केली आणि पाना-पेचकस उचलला. गंजलेल्या डब्यावर एकची पाटी चढली. गंज काय, संग्रहालयवाले काढतील. मग नऊची पाटी घेऊन ते चकचकीत डब्यापाशी आले आणि त्यांचा हात अडला. हा बिचारा तीस वर्षं दुसऱ्याच्या नावाने राबला. कधी रस्त्यात बंद पडला नाही. आणि आता त्याला आपणच भंगारात धाडतोय.

"माफ कर बाबा," म्हणत त्यांनी स्क्रू आवळले.

दोनला क्रेनवाला आला आणि डब्याकडे बघतच राहिला. "एवढा धुतलेला डबा भंगारात? हाच ना नऊ नंबर?"

"हाच," काका म्हणाले. "पहिल्यापासून हाच."

ट्रक फाटकाबाहेर वळेपर्यंत काका उन्हात उभे होते. उशिरा का होईना, तो स्वतःच्या नावाने चालला होता.