उलटी नक्कल

वहिनी अंध मुलांच्या शाळेसाठी पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवते. तिचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. पण ब्रेल छापणारं यंत्र दुसऱ्या कुणाला जुमानत नाही, त्यामुळे तो बदलायची सोय नव्हती. विज्ञानाच्या पुस्तकाचा शेवटचा, अकरावा धडा निम्मा झाला आणि पडद्यावर आलं, ‘डिस्कवर जागा नाही.’ परीक्षेला तीन आठवडे उरले होते.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. स्क्रू दिसला की हात शिवशिवतात.

“मोठी हार्ड डिस्क आणतो. जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवू. दोन तासांचं काम.”

“नक्की जमेल ना, भाऊजी?”

“वहिनी, मी माणसं बाराव्या मजल्यावर पोचवतो.”

शनिवारी दुपारी कॉम्प्युटरचा डबा उघडला, धूळ झटकली, नवी डिस्क जुनीशेजारी बसवली आणि नक्कल करणारा प्रोग्रॅम चालू केला. त्यात दोन चौकोन होते, ‘कुठून’ आणि ‘कुठे’. त्या म्हाताऱ्या मशीनला नव्या डिस्कचा खरा आकार कळेना. दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. वरची जुनी असणार, असं धरून मी बटण दाबलं.

चार वाजता काम संपलं. कॉम्प्युटर सुरू होईना. नवी काढून एकट्या जुनीवर चालवून पाहिला. काहीच नाही. तेव्हा लक्षात आलं. कोरी डिस्क मी भरलेलीवर उतरवली होती.

“दुसरी प्रत असेलच ना कुठेतरी?” मी विचारलं.

“ठेवायला जागा कुठे होती?”

ती एवढंच बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं. छापील पुस्तक समोर होतं, पण त्यातली एकेक आकृती शब्दांत बसवण्यात तिचे चार महिने गेले होते.

तासाभरात मी दोन्ही डिस्क घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात पोचलो. दुकानदाराने जुनी तपासली आणि नकारार्थी मान हलवली. “खोडलेलं असतं तर काढून दिलं असतं. यावर तर दुसरं लिहिलंय.” तरी मी हात जोडले. त्याने नव्या डिस्कवर सगळे प्रोग्रॅम बसवून दिले, बाकी त्याच्या हातात काही नव्हतं.

रविवारी वहिनीने शाळेतल्या मास्तरांना फोन केला. मास्तर स्वतः अंध. तिचं प्रत्येक छापलेलं पान ते बोटांनी तपासत.

“तपासलेले कागद टाकलेत का हो?”

“सहा धडे आहेत अजून. बाकीचे रद्दीत गेले.”

दुसऱ्या दिवशी ते पिशव्या घेऊन आले. मी रजा टाकली. ते बोटं फिरवत वाचायचे, वहिनी टाइप करायची, मी छापलेली पानं लावायचो. तिची मनगटं सुजली. मास्तरांची बोटं बधिर झाली की आम्ही थांबायचो. राहिलेल्यांपैकी तीन धडे तिने पुन्हा पहिल्यापासून रचले. दोन राहिलेच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते दोन वाचून दाखवायला आम्ही शाळेत गेलो. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “हे का नाही छापले?”

वहिनीने पुस्तक उघडलं.

“मी चुकीचं बटण दाबलं,” मी म्हणालो.

मुलीने मान माझ्याकडे वळवली. “मग सावकाश वाचा,” ती म्हणाली.