झोप लागता लागता

रंगाऱ्याने पन्नाशीत लग्न केलं. बायको पडदे शिवणारी. तिचं दुकान रंगवताना दोघांची ओळख झाली होती. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ह्याचं लग्न जे राहून गेलं होतं ते राहूनच गेलं होतं.

संसार छान जमला. फक्त दिवा मालवला की रंगारी उशी काखोटीला मारून बाहेरच्या खोलीत जायचा. "मी घोरतो," म्हणायचा. ती कान देऊन ऐकायची. घोरणं काही ऐकू यायचं नाही.

तिच्या मनाने नको ते घेतलं. याला पस्तावा होतोय की काय? शेवटी एका सकाळी चहा गाळताना तिने विचारूनच टाकलं, "माझ्याशेजारी झोपणं नकोसं वाटतं का तुम्हाला?"

रंगारी गडबडला. "तसं नाही हो. डोळा लागता लागता माझा पाय उसळतो. बांबूच्या परांचीवरून घसरल्यासारखं होतं, आणि शेजारच्याला लाथ बसते. धाकटा भाऊ म्हणायचा, दादापेक्षा गाढवाजवळ झोपलेलं बरं. नव्या बायकोला लाथ कशी मारू?"

"मग आधी सांगायचं की. मी काय काय विचार करून बसले होते," ती म्हणाली आणि पाठ फिरवून डोळे पुसू लागली. त्या दिवशीही उशी बाहेरच गेली.

रविवारी दुपारी ती त्याच्या खांद्याला टेकून पेपर वाचत होती. वाचता वाचता पेंगली. श्वास संथ झाला आणि एकदम तिचं सगळं अंग दचकलं. हात उडाला तो थेट रंगाऱ्याच्या नाकावर.

ती खडबडून उठली. तो नाक धरून बसला होता.

"काय झालं?"

"तुम्हीही पडलात परांचीवरून."

"छे, मला असलं काही होत नाही."

"तुम्हाला सांगणार कोण? इतकी वर्षं शेजारी होतं कोण?" तो हसत म्हणाला, आणि आपण काय बोलून गेलो हे कळल्यावर त्याने जीभ चावली.

तिने ओला रुमाल आणून त्याच्या नाकावर धरला. बराच वेळ धरला. मग बाहेरच्या खोलीतली उशी उचलून आत नेली.

आता वाद एवढाच उरला, की भिंतीकडे कोण झोपणार. ती म्हणाली, "मी. पलंगावरून पडायचंच झालं, तर तुम्हाला सवय आहे."