टिचबटणांचा तक्ता

"आजी, तू याला धुतलंस? गरम पाण्यात?"

"मग काय! तेलाचे डाग केवढे पडले होते. वर सोडा पण टाकला."

"अगं, आज दोन वाजता आईची परीक्षा आहे!"

"म्हणून तर धुतला. परीक्षेला काय असा मळका न्यायचा?"

मित्रांनो, हे भांडण माझ्यावरून चाललंय. मी एक जुना कापडी तक्ता आहे, आणि आत्ता दोरीवर उलटा लटकून टपटप गळतोय. ओरडतेय ती सातवीतली चिमणी. मला धुतलं तिच्या आजीनं. आणि शिलाई मशीनपाशी उभी आहे ती चिमणीची आई. तिनंच मला शिवलं.

आई नर्सबाईंचे पांढरे एप्रन शिवते. शिवून शिवून तिला वाटलं, एक आपल्याही अंगावर यावा. पण नर्सच्या कोर्सला आधी प्रवेश परीक्षा असते, आणि तिथल्या इंग्रजीनं तिला दोनदा पाडलं. यंदा वयाची मर्यादा संपतेय. आज नाही तर कधीच नाही.

म्हणून एप्रनच्या उरलेल्या कापडातून मी झालो. मधे चार मूळ शब्द, एकाखाली एक: केअर, पेन, हॅपी, यूज. डावीकडच्या पट्ट्यांवर पुढून लागणारे तुकडे, अन, डिस, री. उजवीकडे मागून लागणारे, फुल, लेस, नेस. चिमणी त्यांना उपसर्ग नि प्रत्यय म्हणते. सगळ्यांना टिचबटणं. पेन म्हणजे दुखणं. टच्, फुल लावलं की दुखणारं. ते काढून लेस लावलं की दुखणंच गायब! आई हरखायची. "एवढ्याशा शेपटीत एवढा दम?"

खोड एकच. माझी बटणं सगळी एका मापाची, कुणालाही काहीही लागायचं. आई 'अनपेन' जोडायची, बटण झकास बसायचं, आणि चिमणी कपाळावर हात मारायची. "बटण लागलं म्हणून शब्द होत नाही गं आई!" मला चूक दिसायची, पण मला कुठे तोंड आहे? नुसता जळफळाट व्हायचा.

गिऱ्हाइकं हसायची. "कुणाच्या बाळाचं दुपटं हे?"

"माझंच. पहिलीत आहे मी," आई म्हणायची.

शब्द लिहिले होते साध्या स्केचपेननं. कपडे धुतले जातात हे शिवणाऱ्या बाईला कळू नये? पण तिला वाटलं, याला कोण धुतंय! आज सकाळी बादलीत माझे सगळे शब्द निळं पाणी होऊन गेले. आजी मायेनं चोळत होती. मला ओरडता आलं नाही.

आईनं मला दोरीवरून काढलं, मशीनवर पसरलं, आणि कोऱ्या कापडावर बोट ठेवून ओळीनं म्हणायला लागली. पहिली ओळ बरोबर. दुसरी, तिसरी बरोबर. चौथीवर बोट थांबलं.

चिमणीनं तोंड उघडलं.

"सांगू नकोस! तिथे तू असणार आहेस का?"

"सूनबाई, मला काय माहीत गं..." आजी ओले हात पदराला पुसत म्हणाली.

"राहू द्या हो, आई."

चौथ्या ओळीत काय होतं ते मला ठाऊक आहे. पण तिला सांगू कसं?

मित्रांनो, कुणाची वस्तू साफ करण्याआधी एकदा त्याला विचारा. बाकी बोलायला वेळ नाही, खालून बस आल्याची हाक आलीय. चौथी ओळ अजून अडलेलीच आहे, आणि आईनं मला ओलंच पिशवीत कोंबलंय. जावं लागतंय मला.